टाचेच्या भेगा आणि डबीवरचा युरिया

दिवाळी पंधरा दिवसांवर आली असताना मी मुळशी तालुक्यातल्या लवळ्याला गेले होते. पुण्याहून सूसच्या बाजूने निघालात की शहर हळूहळू मागे पडते, डोंगर जवळ येतात. लवळ्यात वर टेकडीवर विद्यापीठाच्या मोठाल्या इमारती आहेत आणि खाली भाताची खाचरे. गावातल्या दुकानातही हा दुहेरी संसार दिसतो. एका फळीवर खोबरेल तेल, वज्री आणि उटण्याच्या पुड्या. आणि वरच्या फळीवर, टेकडीवरच्या मुलामुलींसाठी आणलेल्या, बोटाएवढ्या बाटल्या. त्यांवर बारीक अक्षरांत कसली कसली ॲसिडे लिहिलेली.

तिथे बचतगटाच्या बायका जमल्या होत्या. बोलणे आहारावर व्हायचे होते, पण गाडी भलतीकडेच गेली. एक पोक्त बाई पुढे सरकल्या, पदराखालून एक डबी काढली आणि म्हणाल्या, "बाई, माझ्या नातीनं वाचलं, ह्या मलमात युरिया हाय म्हणं. मग गोणीतला चिमूटभर युरिया तेलात कालवून लावला तर चालंल का? डबी म्हाग पडती."

दोघीचौघी फिस्सकन हसल्या. मला मात्र हसू आले नाही. ज्या बाईने शेतात युरिया फेकला आहे, तिने टाचेच्या मलमावर तेच नाव वाचल्यावर असे विचारणे अगदी रास्त होते. आणि त्यांच्या टाचा मी पाहिल्या. आवणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात, नंतर बांधावर अनवाणी, आता कापणी. भेगा इतक्या खोल की कडेला रक्त सुकलेले. त्या प्रश्नाचे उत्तर मी तिथे दोन वाक्यांत दिले. पण ते पुरते नव्हते, म्हणून आज सविस्तर सांगते.

प्रथम हे पाहू की भेग पडते कशाने. आपल्या कातडीचा अगदी वरचा पापुद्रा मेलेल्या पेशींचा असतो. विटांची भिंत डोळ्यांपुढे आणा. चपट्या, वाळलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला स्निग्ध चुना म्हणजे आपल्याच अंगात तयार होणारी चरबी. हातावर हा पापुद्रा पंधरावीस थरांचा, कागदापेक्षाही पातळ. टाचेवर मात्र त्याच्या कितीतरी पट जाड. खालून नव्या पेशी वर येतात, वरच्या झडून जातात. एका पेशीचा हा प्रवास साधारण महिन्याभराचा असतो.

आता गंमत अशी की, अंगावर सगळीकडे बारीक तेलग्रंथी आहेत, पण तळपायावर आणि तळहातावर एकही नाही. म्हणजे जिथे सगळ्या देहाचा भार पडतो, जिथे चिखल, ऊन, दगड आणि साबण यांचा मारा होतो, तिथेच निसर्गाने तेलाची सोय ठेवलेली नाही. जाड कातडी वाळली की ताठर होते. उभे राहिले की टाचेचा मांसल भाग बाजूला पसरू पाहतो, ताठर कड पसरू शकत नाही, आणि ती फाटते. उन्हाळ्यात पाणी आटलेले खाचर कसे तडकते ते तुम्हांला मी काय सांगावे?

तुम्ही म्हणाल, सारे पावसाळाभर पाय पाण्यातच होते, मग ते वाळले कसे? इथेच खरी मेख आहे. पाण्यात सतत भिजलेल्या कातडीतून तिचे स्वतःचे ओलावा धरणारे पदार्थ झिरपून जातात, विटांमधला चुनाही ढिला होतो. मग बाहेर आले की ते पाणी भराभर उडते आणि जाताना आधीपेक्षा जास्त कोरडे करून जाते. वर आपण खरखरीत साबण लावतो, तोही उरलीसुरली चरबी काढून नेतो.

अमेरिकेतील ब्लँक नावाच्या एका शास्त्रज्ञाने 1952 साली एक साधासा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने वाळून कडक झालेल्या कातडीचे तुकडे घेतले आणि काही निरनिराळ्या तेलांत, मलमांत ठेवून दिले. दिवस गेले तरी ते कडकच्या कडक. मग असेच तुकडे पाण्याशी आणले, तर ते मऊ झाले. निष्कर्ष असा की कातडी मऊ होते ती पाण्याने, तेलाने नव्हे. फुले बांधायला आपण केळीचे वाळले सोपट घेतो, ते तेलात बुडवतो की पाण्यात भिजवतो? तसेच हे. मग तेल कशाला? तर आलेले पाणी जाऊ नये म्हणून. एवढी एक गोष्ट ध्यानात आली, की दुकानातल्या वरच्या फळीचे निम्मे कोडे सुटते.

त्या बाटल्यांत आणि डब्यांत जे मऊपणा आणणारे पदार्थ असतात, त्यांतले काही पाणी ओढून धरतात. पावसाळ्यात गुळाला पाझर फुटतो, मिठाच्या बरणीत पाणी होते, ते तुम्ही पाहता. हवेतले पाणी ओढण्याचा तो गुण. ग्लिसरीनमध्ये हा गुण मोठा. तेल आणि क्षार यांपासून साबण करताना ग्लिसरीन आपोआप सुटते, म्हणून ते स्वस्त. स्वीडनमधल्या शीले नावाच्या औषध विकणाऱ्या माणसाने ते 1779 साली ऑलिव्हच्या तेलापासून वेगळे केले. आणि पुढच्याच वर्षी, 1780 मध्ये, आंबलेल्या दुधातून लॅक्टिक ॲसिड काढले. आज शहरातल्या महागड्या बाटल्यांवर ही दोन्ही नावे शेजारी शेजारी झळकतात. हा शीले बिचारा वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीच वारला.

ग्लिसरीन नुसते, घट्ट, कोरड्या कातडीवर चोपडू नये. थंडीच्या कोरड्या हवेत त्याला बाहेरून पाणी मिळाले नाही, तर ते कातडीतलेच ओढू लागते. अर्धे ग्लिसरीन, अर्धे पाणी करावे आणि ओल्या पायाला लावावे.

ह्याच जातीतले सध्याचे लाडके नाव म्हणजे हायलुरोनिक ॲसिड. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी 1934 साली ते गाईच्या डोळ्यातून वेगळे केले. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढीत, आता जंतूंकडून आंबवून घेतात. आपल्या अंगातही ते असते. चांगले आहे, पण बाटलीतले बहुतेक कातडीच्या वरवरच राहते आणि तिथे ओल धरते, इतकेच. टाचेसाठी त्याला पैसे घालवू नका. तुमचे काम ग्लिसरीन करील.

दुसऱ्या काही पदार्थांचे काम निराळे. ते विटांमधला ढासळलेला चुना भरून काढतात आणि कातडीला गुळगुळीत करतात. आपली तेले, तुपे, लोणी, साय ह्या वर्गातली. खोबरेल तेल ह्या कामाला उत्तम. करडईच्या तेलात लिनोलेइक नावाचे आम्ल भरपूर असते आणि नेमके तेच आम्ल आपली कातडी आपला चुना बनवायला वापरते. खाली कोकणात कोकमाच्या बियांचे तेल निघते. बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात, वर आलेले तेल काढून त्याचे गोळे वळतात. त्याला मुठेल म्हणतात, कुठे भिरंडेल. थंडीत ते दगडासारखे घट्ट, साधारण 40 अंशांच्या आसपास वितळणारे. कोकणातल्या आजीबाया ते पळीत पातळ करून भेगांत सोडत. परदेशातून शिआ बटर म्हणून जे येते, त्याचे आणि आमच्या मुठेलाचे काम एकच. फक्त मुठेलाच्या डबीवर सोनेरी अक्षरे नसतात.

आणि तिसरे काम झाकणाचे. पातेल्यातली वाफ जाऊ नये म्हणून आपण झाकण ठेवतो, तसे. ह्यात सगळ्यांत जबरदस्त म्हणजे पेट्रोलियम जेली, आपले व्हॅसलिन. 1859 साली अमेरिकेतल्या टायटसव्हिल गावी जमिनीतून तेल काढणाऱ्या यंत्रांच्या दांड्यांवर काळपट मेण साचे. मजुरांना त्याचा कंटाळा. पण कापले-भाजले की तेच लावीत. चेसब्रो नावाच्या तरुणाने हे पाहिले, ते मेण शुद्ध केले आणि 1872 मध्ये त्याचे पेटंट घेतले. डबीवर पेट्रोलेटम असे लिहिलेले दिसेल. आमच्याकडे राळ, मेण आणि तेल कढवून भेगांचे मलम करीत, त्यातले मेणही हेच झाकणाचे काम करी. मात्र कोरड्या टाचेवर झाकण ठेवले तर आत राखायचे काय? पातेले रिकामे! म्हणून आधी पाणी, मग झाकण.

आता मेलेली कातडी काढण्याविषयी. ती दोन तऱ्हांनी निघते. एक घासून. वज्री, नुसती खडबडीत फरशी, डाळीचे पीठ, उटणे, सगळे ह्याच वाटेचे. अभ्यंगस्नानाला आधी तेल लावतात आणि मग उटणे, ह्या क्रमात शहाणपण आहे. तेलामुळे पिठाचा दाणा कातडीला ओरखडत नाही. उटण्यातला वाळा, नागरमोथा, कपूरकचरी वासासाठी छान. मळ निघतो तो पिठाच्या दाण्याने आणि चोळण्याने. शहरात मध्यंतरी ह्याच कामासाठी प्लॅस्टिकचे बारीक मणी घातलेली साबणे निघाली होती. ते मणी मोरीतून ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि माशांच्या पोटात जाऊ लागले, तेव्हा अमेरिकेने 2015 साली त्यांना बंदी करणारा कायदा केला. आपले बेसन ओढ्यात गेले तर मासे आशीर्वाद देतील.

पण वज्रीचा अतिरेक होतो. जोरात घासले की कातडीला वाटते, इथे घर्षण आहे, जाड व्हायला हवे. आणि ती आणखी जाड होते. ब्लेडने कड तासणारेही मी पाहिले आहेत. ते मुळीच करू नका. पाय कोमट पाण्यात पंधरावीस मिनिटे ठेवावे, मग वज्री हलक्या हाताने, आठवड्यातून दोनदा, पुरे.

दुसरी तऱ्हा विरघळवण्याची. मेलेल्या पेशी एकमेकींना सूक्ष्म दुव्यांनी चिकटलेल्या असतात. काही आम्ले हे दुवे सैल करतात, मग पेशी आपोआप झडतात. लॅक्टिक ॲसिड त्यांतले एक. आजी दह्याची साय हातापायांना चोळी, ती वेडी नव्हती. फक्त दह्यात हे आम्ल शेकड्याला एखादा भागच असते, आणि टाचेसाठीच्या मलमात बारा भागांपर्यंत. उसात सापडणारे ग्लायकोलिक ॲसिड हे त्याचेच भावंड. व्हॅन स्कॉट आणि यू ह्या दोघा शास्त्रज्ञांनी 1974 साली दाखवले की माशाच्या खवल्यांसारखी कातडी होण्याच्या रोगावर ही आम्ले गुण देतात. आजच्या बाटल्यांची वाट तिथून सुरू झाली. सॅलिसिलिक ॲसिडचे घराणे वेगळे, विलो झाडाच्या सालीशी नाते सांगणारे. नायट्यावरच्या जुन्या व्हिटफील्डच्या मलमात ते शेकडा तीन आणि बेंझॉइक ॲसिड शेकडा सहा असते. नायट्याची साल सुटते ती ह्याच्यामुळे.

शिक्षकमित्रांना एक विनंती. ह्या आम्लांच्या बाटल्या आता पाचवी-सहावीतल्या मुलीही चित्रफिती पाहून मागवतात. त्यांना सांगा की कोवळ्या कातडीला झडायला मदत लागत नाही, ती आपली आपण झडते. शिवाय ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ॲसिड लावलेल्या तोंडाला ऊन जास्त भाजते. ज्यांना दिवसभर उन्हात काम आहे, त्यांनी ती चेहऱ्याला लावू नयेत. लिंबू चोळण्याची सल्लाही कोणी देते. लिंबाचा रस अंगावर ठेवून उन्हात गेलात, तर फोड येऊन काळे डाग पडतात, महिनोन्‌महिने जात नाहीत. लिंबू वरणावर पिळा.

आता त्या बाईंच्या युरियाकडे येऊ. युरिया हा मोठा दुहेरी गडी आहे. आपल्या कातडीच्या विटांमध्येच तो निसर्गतः असतो, ओल धरून ठेवतो. मलमात शेकडा दहाच्या आसपास असला की पाणी ओढतो. वीसपासून चाळीसपर्यंत असला की जाड कातडी सैल करून सोडवतो. जाड टाचांना म्हणूनच तो मानवतो. वोलर या जर्मन शास्त्रज्ञाने 1828 साली तो प्रयोगशाळेत तयार केला. तोवर समजूत होती की असे पदार्थ जिवंत देहातच बनतात; तो म्हणाला, मूत्रपिंडाची मदत न घेता मी युरिया केला आहे. गोणीतला आणि डबीतला युरिया मूळ पदार्थ म्हणून एकच, हे बाईंचे अनुमान बरोबरच होते.

पण तरीही गोणीतला लावायचा नाही. का, ते नीट समजून घ्या. खताचा युरिया पिकासाठी केलेला; त्यात बनतानाच बायुरेट नावाचा दुसरा पदार्थ थोडासा राहतो, आणि खताला तो काही मर्यादेपर्यंत चालतो. 2015 पासून आपल्या देशात युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देतात, तो नत्र हळूहळू सुटावे म्हणून. गोदामात, गाडीत, घरात गोणी कुठे कुठे ठेवली जाते, काय काय सांडते, ते तुम्हांला ठाऊक आहे. आणि मुख्य म्हणजे युरिया तेलात विरघळतच नाही. तो पाण्यात विरघळतो. तेलात कालवला तर दाणे तसेच राहतील, आणि रक्ताळलेल्या भेगेत ते दाणे गेले म्हणजे जी आग होईल, ती विचारू नका. चिमूट म्हणजे शेकडा पाच की पन्नास, हेही कळणार नाही.

एवढी टाचेची चर्चा नटण्यामुरडण्यासाठी नाही, बरं का. भेग म्हणजे घराची उघडी खिडकी. खाचरातल्या पाण्यात उंदरांचे, गुरांचे मूत्र मिसळते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कातडीच्या भेगेतून शिरतात. 2005 सालच्या जुलैमध्ये मुंबईत महापूर आला, त्यानंतर ह्याच रोगाने माणसे दगावली. कोकणातल्या भातशेतीच्या पट्ट्यातही पावसाळ्यात तो येतो. चिखलात काम केल्यानंतर थोड्या दिवसांनी ताप आला, पोटऱ्या भयंकर दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर घरगुती काढा उकळत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि "मी खाचरात काम करते" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लवकर सुरू केलेल्या साध्या औषधांनी तो बरा होतो. आवणीला जाण्याआधी महिनाभर टाचा सांभाळल्या, तर ही खिडकी बरीचशी बंद राहते. गमबूट वापरता आले तर फारच उत्तम. पण चिखलणीत ते रुतून बसतात, ही बायकांची तक्रारही खोटी नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर युरियाचे असो की आम्लाचे, कोणतेही कातडी सोडवणारे मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. वज्रीही नको. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. लागलेले कळत नाही, जखम चिघळते आणि पाय गमावण्यापर्यंत पाळी येते. घरातल्या कोणी रोज रात्री त्यांच्या तळव्यांवर नजर टाकावी.

बोटांच्या बेचक्यात ज्या चिखल्या होतात, त्यांना हे काहीच लागू नाही. तिथे ओल हाच शत्रू. तेल नको, जेली नको. पाय धुऊन बेचके कोरड्या फडक्याने टिपावे. न बऱ्या झाल्या तर बहुधा बुरशी असते, तिचे औषध वेगळे. आणि एक, दुकानदाराने "हे घ्या, झटक्यात बरे होते" म्हणून दिलेली नळी घेऊ नका. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. खाज थांबते, पण कातडी पातळ होत जाते आणि नायटा आतल्या आत पसरतो.

बाईंनी त्या दिवशी डबी माझ्या हातात दिली. मी ती चष्मा पुसून वाचली. घटकांची यादी साधारणपणे जास्त ते कमी अशी लिहिलेली असते. पहिले पाणी, मग ग्लिसरीन, मग युरिया, पुढे पेट्रोलेटम. पुढे वास आणि रंग. डबी खोटी नव्हती, पण लहान होती आणि त्या ती दिवसा कोरड्या टाचेला लावून कामाला जात. मी सांगितले ते असे. रात्री भांडी झाली की पाय कोमट पाण्यात ठेवा. टिपून घ्या, पण पूर्ण कोरडे करू नका. ओलसर टाचेवर हरभऱ्याएवढे युरियाचे मलम. भेगेतून रक्त येत असेल तोवर मलम नको, नुसते व्हॅसलिन. मलमावर व्हॅसलिनचा किंवा मुठेलाचा पातळ हात, आणि वर जुने सुती मोजे. असे केल्यास डबी महिनाभर पुरते. ग्लिसरीन-पाण्याची बाटली त्याहूनही स्वस्त, ती रोजच्यासाठी. "मोजं? या वयात?" म्हणून त्या हसल्या, पण नातीचे शाळेचे जुने मोजे आहेत, असेही म्हणाल्या.

शाळेत हे सारे दाखवता येते. एका बटाट्याच्या सारख्या वजनाच्या तीन फोडी करा. एक तशीच ठेवा, दुसरीला खोबरेल तेल चोळा, तिसरीला व्हॅसलिन. शेजारी एका बशीत चमचाभर ग्लिसरीन उघडे ठेवा. हा भाग पावसाळ्यात केला तर जास्त चांगला. काट्यावर चारही वजने करून फळ्यावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा करा. कोणती फोड किती हलकी झाली आणि बशी जड का झाली, हे मुलांनाच सांगू द्या.